रिले तोडायचा अधिकार

"विदर्भात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पावसाची शक्यता आहे." रेडिओवर हे वाक्य आलं की आमचे मोठे बाबा मान वळवून रेडिओलाच विचारायचे, "तुरळक म्हन्जे कुठं, बाप्पा? माह्या वावरात का त्याच्या?"

घरात सगळे हसायचे, मीही हसायचो. पुढं नोकरीच्या निमित्तानं सरकारी कागद बरेच वाचले. प्रसारणाच्या धोरणाबद्दल इतका नेमका प्रश्न त्यात कुठं सापडला नाही.

बुलडाण्याहून सिरोंच्याला रस्त्यानं जायचं तर सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर पडतं. एका टोकाला सोयाबीन आणि पराटी, म्हणजे कपाशी, दुसऱ्या टोकाला धान, मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि सागाचं जंगल. इकडं वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, तिकडं जवळपास दुप्पट. वरूड-मोर्शीच्या संत्रेवाल्याला आंबिया बहाराची फळगळ दिसत असते, त्याच दिवशी साकोलीच्या धानवाल्याला रोवण्यासाठी बांधीत पाणी हवं असतं. हे अकरा जिल्हे एका "तुरळक"मध्ये बसत नाहीत. त्यात हवामान खात्याचा दोष नाही, त्यांच्या शास्त्रात तो शब्द बरोबरच आहे. पण त्या शब्दाचं भाषांतर करून "आज घाटंजीकडच्यांनी फवारणी करू नका, उद्या सकाळी करा" असं म्हणणारं मधलं माणूस लागतं. कृषी विज्ञान केंद्रांतून तालुक्यापुरता सल्ला देणारी जिल्हा कृषी हवामान केंद्रं देशभर उघडली होती. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, हा सल्ला निघायचा. २०२४ मध्ये तीही बंद केली. म्हणजे भाषांतर करणारा एक जण आधीच घरी गेला. उरला रेडिओ.

रेडिओ आणि दूरदर्शनबद्दल आपल्याकडं दोनच सूर लागतात. एक जुन्या आठवणींचा: सकाळची सनई, भक्तिगीतं, रविवारची श्रुतिका, दूरदर्शनच्या 'आमची माती, आमची माणसं'साठी एका टीव्हीपुढं जमलेलं अख्खं गाव. दुसरा हिशेबनिसाचा: इतक्या टक्के भूभागावर पोहोचलो, इतके प्रक्षेपक लावले. पहिल्या सुराचा मला कंटाळा आहे. आठवणींवर कुठलं केंद्र चालत नाही. दुसऱ्याचा मात्र राग येतो, कारण त्यात एक मोठी चलाखी आहे. प्रक्षेपक लावला म्हणजे केंद्र झालं असं ते धरून चालतात.

प्रक्षेपक म्हणजे भोंगा. दुसरीकडं कुणीतरी बोलतं आणि तो इथं वाजतो. केंद्र म्हणजे स्टुडिओ, निवेदक, शेती विभागाचा अधिकारी, एखादी गाडी, फाटकावरचा रखवालदार, आणि टपालानं आलेली पत्रं उघडणारा माणूस. विदर्भात नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर इथं आकाशवाणीला अशी माणसं आहेत, किंवा होती. बाकी ठिकाणी भोंगे.

दूरदर्शनच्या भोंग्यांचं काय झालं ते आठवा. ऐंशीच्या दशकात तालुक्याच्या गावी लोखंडी टॉवर उभे राहिले. शेजारी एक खोली, एक जनरेटर, दोन-तीन कर्मचारी. आमच्या गावातून रात्री त्या टॉवरचा लाल दिवा दिसायचा आणि आम्हाला आमचं गाव नकाशावर आल्यासारखं वाटायचं. तीस-पस्तीस वर्षं तो टॉवर दिल्लीचं आणि मुंबईचं दाखवत राहिला. तालुक्यातल्या बाजार समितीचा भाव त्यानं एकदाही सांगितला नाही, कारण सांगायला त्याला तोंडच नव्हतं. मग २०२१-२२ च्या सुमाराला अॅनालॉग प्रक्षेपण गुंडाळलं आणि देशभरातले असे शेकडो प्रक्षेपक बंद झाले. गावात कुणाला कळलंही नाही. जे कधी बोललंच नव्हतं, ते गप्प झालं हे कळणार कसं?

याहून मोठा मासला नागपूरचा. देशाच्या मध्यावर म्हणून नागपूरजवळ १,००० किलोवॉटचा मध्यम लहरींचा अवाढव्य प्रक्षेपक बसवला आणि मे १९८८ मध्ये त्यावरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. रात्रभर चालायची. कार्यक्रम दिल्लीचे, पल्ला अर्ध्या देशाचा, जमीन आणि वीज आमची. (त्याच्या महिनाभर आधीच वैनगंगेवर गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं होतं. त्या वर्षी विदर्भाच्या वाट्याला अशी मोठमोठी कामं येत होती.) मोठे बाबा जागलीला जाताना रेडिओ मचाणीच्या खांबाला बांधून हीच वाहिनी लावून ठेवायचे. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) माणसाच्या आवाजाला बिचकतात. "दिल्लीवाले रातभर बोलते, डुक्कर येत नाही," हे त्यांचं प्रमाणपत्र. २०१८ संपता संपता ती वाहिनी बंद झाली. तीस वर्षं देशाचा आवाज आमच्या मातीतून गेला आणि आमच्यासाठी त्याचा ठाम उपयोग एवढा एकच निघाला, हे मला अजून हसू येऊ न देणारं वाटतं.

आताचे आकडेही बघा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी सुमारे २,५४० कोटींची योजना मंजूर केली. एफएमची पोहोच ५९ टक्के भूभागावरून ६६ टक्क्यांवर आणि ६८ टक्के लोकसंख्येवरून ८० टक्क्यांवर न्यायची. शिवाय दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त भागांत दूरदर्शनच्या बिनभाड्याच्या छत्रीचे, म्हणजे फ्री डिशचे, आठ लाख संच मोफत. त्याच एप्रिलमध्ये १८ राज्यांत आणि दोन केंद्रशासित प्रदेशांत मिळून १०० वॉटचे ९१ एफएम प्रक्षेपक एका दिवसात सुरू झाले. मी याला नावं ठेवणार नाही. ज्या घरात काहीच लागत नव्हतं तिथं काहीतरी लागलं. पण या सगळ्या आकड्यांत एक आकडा शोधून दाखवा: जिल्ह्यानं स्वतःच्या तोंडानं रोज किती मिनिटं बोलायचं? पोहोच मोजतात, बोलणं कुणी मोजत नाही. जिल्हा केंद्रांत काम करणारी माणसं सांगतात की स्वतःच्या कार्यक्रमांची वेळ आक्रसत गेली आणि वरून येणारं जसंच्या तसं पुढं सोडायचं, म्हणजे रिले करायचं, प्रमाण वाढत गेलं. निवृत्त झालेल्याच्या जागी नवा माणूस येत नाही. नैमित्तिक निवेदकाला, ज्याला सगळे 'कॅज्युअल' म्हणतात, महिन्याला सहा ड्यूट्या. सहा दिवसांच्या पैशात कुणाचं घर चालतं? तरी वर्षानुवर्षं तीच मुलं-मुली पहाटे स्कूटीवर येऊन पहिली सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, उघडतात.

आता जरा थांबून २०१७ चं सांगतो, कारण या लेखाचं मूळ तिथं आहे.

त्या वर्षी आमच्याकडं पराटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. बोंडअळी होती, पांढरी माशी होती, फवारण्यांवर फवारण्या चालल्या होत्या. जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. मेलेल्यांत बरेच मजूर होते. पंप पाठीवर, झाड डोक्यावर, तुषार थेट तोंडावर. दुपारच्या उन्हात, उघड्या अंगानं, वाऱ्याच्या उलट दिशेनं. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. 'औषध' हाच शब्द आहे आमच्याकडं, विष कुणी म्हणत नाही, आणि अर्धा घोटाळा त्या शब्दातच आहे. बाटलीवरचा कागद पाहिला आहे का कुणी? मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, अनेक भाषांत. खाली लाल-पिवळ्या-निळ्या-हिरव्या चौकटीतली विषाची खूण, तिचा अर्थ गावात दहातल्या एकालाही सांगता येत नाही. मग सल्ला कोणाचा? दुकानदाराचा. दुकानदार उधारीनं देतो, म्हणून त्याचं ऐकायचं. त्याला काय खपवायचं आहे, ते तो सांगतो.

त्या वेळी रेडिओवर फवारणीबद्दल काहीच सांगितलं जात नव्हतं, असं मी म्हणणार नाही. शेतीचे कार्यक्रम आकाशवाणीवर १९६६ पासून वेगळा विभाग करून चालत आले आहेत, २००४ मध्ये 'किसानवाणी' आली. त्यांत काळजी घ्या, हातमोजे घाला, असं सांगितलंच जातं. प्रश्न असा की कोणत्या भाषेत, कोणाला, किती वाजता. "कीटकनाशकांचा वापर करताना संरक्षक साधनांचा अवलंब करावा" हे संध्याकाळी ऐकायला मजूर रेडिओपाशी नसतोच. हेच सकाळी साडेसहाला, तो पंप उचलायच्या आधी, "आज वारं खालतून वाहून रायलं, त्या तोंडानं फवारू नका, झाड डोक्याच्या वर असंल त फवारूच नका, मळमळलं की लुगड्याचा बोळा करून पुसत बसू नका, अंगावर पानी घाला अन् सरळ गाडीत बसा, बाटली सोबत घ्या" असं कुणी सांगितलं असतं तर? आणि दुसऱ्या दिवशी त्याच आवाजानं "काल अमुक भागातून इतके जण भरती झाले, त्यांनी ही ही औषधं कालवली होती" असं सांगितलं असतं तर? हे दिल्लीहून होत नाही. मुंबईहून होत नाही. खरं तर नागपूरहूनही नीट होत नाही.

ज्ञान इथंच आहे, हे तर अधिकच मनाला लागतं. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था, तिथंच लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था. विद्यापीठाच्या शिवारफेरीला हजारो कास्तकार बंड्या-गाड्या करून जातात. म्हणजे ऐकायची तयारी आहे, सांगणाराही आहे. मधली तार तेवढी कापलेली.

बोलीचा मुद्दा निघालाच आहे तर माझा एक अनुभव. एका केंद्रावर दहा मिनिटांच्या भाषणाचं ध्वनिमुद्रण होतं. मी लिहून नेलं त्यात 'वावर', 'धुरा', 'निंदण', 'सालदार' असे शब्द होते. तिथल्या साहेबांनी शांतपणे लाल पेननं 'शेत', 'बांध', 'खुरपणी', 'वार्षिक मजूर' केलं. 'वार्षिक मजूर'! आमच्या बापजाद्यांनी हा शब्द ऐकला असता तर सालदारच काम सोडून पळाला असता. शिवाय माझ्या 'ण'बद्दल एक हलकी सूचना मिळाली. वऱ्हाडी माणसाचा 'ण' हा आवाज चाचणीतला जुना अडथळा आहे. पानी म्हटलं की नापास. बातम्या प्रमाण मराठीत हव्यात, त्याला माझी ना नाही. चंद्रपूरच्या आणि चिपळूणच्या माणसाला एकच बातमी कळली पाहिजे. पण सल्ला, ताकीद, गप्पा, समजूत ही बोलीतच उतरते. टीव्हीवर वऱ्हाडी फक्त हसवायला येते. आमचा माणूस मालिकेत दिसला की त्याच्या हातात वाढप्याचं ताट किंवा तोंडात विनोद. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर वडसा-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात रात्ररात्र नाटकं चालतात, हजारोंनी तिकिटं खपतात. ते ऐकायला-पाहायला सार्वजनिक प्रसारण किती वेळा गेलं?

आणि ही तर मराठीच्या घरातली भांडणं झाली. मेळघाटात कोरकू, पांढरकवडा-झरीकडं कोलामी, एटापल्ली-भामरागडला माडिया आणि गोंडी. देशात गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख होते. तरी ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही, म्हणून तिच्यासाठी वेळ मागायला गेलं की आधी परिशिष्टच दाखवतात. सिरोंच्याला प्राणहिता-गोदावरीच्या काठावर तेलुगू बोलतात. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० मध्ये 'सीजीनेट स्वर' नावाची सोय उभी राहिली होती. साध्या बटणाच्या फोनवरून आपल्या बोलीत तक्रार किंवा गाणं नोंदवायचं, दुसऱ्यांनी फोन करून ऐकायचं. ना स्टुडिओ, ना टॉवर. ते काही पत्रकारांनी करून दाखवलं. देशभर स्टुडिओ असलेल्या संस्थेला ते अवघड का जावं?

अवघड नाही, हेही नागपूरनंच दाखवलं आहे. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या. शहरातली पोरं मोबाइलवर शिकू लागली आणि गडचिरोली-गोंदियातली पोरं गुरं राखायला गेली. तेव्हा विभागीय आयुक्त कार्यालय, 'प्रथम' ही संस्था आणि आकाशवाणी नागपूर यांनी मिळून 'शाळेबाहेरची शाळा' सुरू केली. आठवड्यातून तीन दिवस, थोडाच वेळ. आधी गावात निरोप जायचा की उद्या काय घेणार आहोत, मग कार्यक्रम, मग मुलांनी केलेलं परत केंद्राकडं. मुलांची नावं रेडिओवर घेतली जायची. आपल्या गावाचं नाव त्या डब्यातून आलं की पोरं काय करतात, हे ज्यानं पाहिलं त्याला श्रोता-सर्वेक्षणाची गरज नाही. यात नवं यंत्र एकही नव्हतं. १९४८ साली, नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी असताना सुरू झालेलं केंद्र, जुनीच मध्यम लहर. नवं एवढंच होतं की केंद्र जिल्ह्यांशी बोललं आणि जिल्ह्यांचं ऐकलं.

'ऐकलं' हे महत्त्वाचं. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांचे श्रोतागट केले होते. गटानं एकत्र बसून ऐकायचं, वाद घालायचा, प्रश्न केंद्राला पाठवायचे, पुढच्या कार्यक्रमात उत्तर घ्यायचं. जगभर त्या प्रयोगाचा दाखला देतात. तो पुणे-कोल्हापूर-नाशिकच्या पट्ट्यात झाला. विदर्भ तेव्हा अजून मुंबई राज्यात यायचा होता. नंतर सत्तर वर्षं होत आली, आमच्याकडं ते कधी मुरलंच नाही.

पुण्यावरून आठवलं. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा आदेश निघाला. पुण्यात गदारोळ झाला, वर्तमानपत्रांत मथळे आले, पुढारी बोलले आणि काही दिवसांत आदेशाला स्थगिती मिळाली. पुणेकरांचं बरोबरच होतं. पण यवतमाळचा एखादा अर्ध्या तासाचा कार्यक्रम गुपचूप कापला तर गदारोळ कोण करणार? ज्याचा कार्यक्रम गेला तो त्या वेळी वावरात डवरणी करत असतो.

या लेखाला येणाऱ्या हरकती मला पाठ आहेत. पहिली, "सरकारी माध्यम म्हणजे सरकारचा भाट." खरंच आहे. आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेसाठी नेमलेल्या वर्गीस समितीनं १९७८ मध्येच 'आकाश भारती' नावाचा स्वायत्त न्यास सुचवला. या दोन्ही माध्यमांना चालवणाऱ्या प्रसार भारती या संस्थेचा कायदा १९९० मध्ये झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडलं. मधल्या १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. कागदावर सगळं आहे, पगार आणि नेमणुका मात्र दिल्लीच्या हातात. माझं म्हणणं असं की भाटगिरी जितकी दुरून तितकी सोपी. "शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढलं" हे दिल्लीहून सांगता येतं, ते खोडायला कुणाकडं काही नसतं. "राळेगावचं कापूस खरेदी केंद्र सुरू झालं" असं यवतमाळहून खोटं सांगून बघा. दुपारी बारापर्यंत शंभर बंड्या परत येतील आणि फोन वाजायला लागतील. हमीभाव सगळ्यांना माहीत असतो. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागं ८,११० रुपये जाहीर झाले, हे पानठेल्यावरचं पोरगंही सांगेल. कास्तकाराला हवं असतं ते वेगळं: कोणत्या केंद्रावर आज माप चालू आहे, ओलाव्यावरून किती माल परत पाठवून रायले, रांग किती आहे. जवळचं खोटं लगेच उघडं पडतं. स्थानिक प्रसारण आपोआप निर्भीड होईल असं नाही, पण त्याला खोटं बोलणं महाग पडेल.

दुसरी हरकत, "आता रेडिओ ऐकतो कोण? सगळं मोबाइलवर." जुना मर्फीचा डबा परत आणा असं मी म्हणत नाही. आकाशवाणीचं अॅप आहे, नोव्हेंबर २०२४ पासून प्रसार भारतीचं 'वेव्हज' हे अॅपही आहे. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता जातो, वीज जाते, आणि मोबाइलचा मनोरा डिझेल संपेपर्यंतच उभा असतो. तेव्हा दोन सेलवर चालणारं यंत्रच बोलतं. मोबाइलमध्ये एफएम असतं, पण नव्या महागड्या फोनांत कंपन्या ते चालू ठेवत नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये सरकारला सूचनापत्र काढून एफएम सुरू ठेवा म्हणावं लागलं. आणि मोबाइलवर जे येतं ते काय येतं? यूट्यूबवर पराटीच्या रोगाचं विचारलं की दुसऱ्याच राज्यातला कुणीतरी दुसऱ्याच जमिनीचं औषध सांगतो, खाली दुकानाचा नंबर. २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भटक्या माणसांना जमावानं ठार मारलं. अफवा फोनवरून आली होती. ती खोटी आहे हे त्याच बोलीत, त्याच सकाळी सांगणारा ओळखीचा आवाज नव्हता. जिल्हा केंद्रानं रोजचा तीन मिनिटांचा तुकडा व्हॉट्सअॅपवर सोडला तर तो गावच्या गटात फिरेल, मी स्वतः फिरवीन. माध्यम कोणतंही घ्या, पण बोलणारा इथला हवा.

खासगी एफएमवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी दोन ओळी पुरेत. ते नागपूर-अकोल्यासारख्या शहरात असतं, आणि नियमानं त्याला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावाव्या लागतात. सामुदायिक रेडिओला २००६ पासून संस्थांसाठी दार उघडलं, पण शंभर वॉटचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरवर विरतो.

पैशांचं म्हणाल तर फ्री डिशवर जागा घ्यायला खासगी वाहिन्या लिलावात बोली लावतात आणि प्रसार भारतीला त्यातून वर्षाला शेकडो कोटी मिळतात. ती छत्री कुणाच्या घरावर आहे? गावातल्याच ना? महिन्याचा रिचार्ज परवडत नाही म्हणून ज्यांनी ती बसवली, त्यांच्या संख्येवर तो लिलाव चढतो. त्यातला थोडा वाटा त्यांच्याच जिल्ह्याच्या स्टुडिओत परत यावा, कॅज्युअल पोरांना महिनाभर काम मिळावं, ही भीक नाही.

आता मूळ मागणी. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या पावसानं वैनगंगा फुगली, गोसेखुर्दचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली. पाणी वरून खाली यायला तास लागतात. बातमीला सेकंदही लागत नाही. तरी लोक माळ्यावर चढले ते पाणी उंबऱ्यात पाहून. अशा रात्री केंद्राची शेवटची सभा आटोपलेली असते, किंवा दुसरीकडचं संगीत रिले होत असतं. धरणाचा अभियंता तहसीलदाराला फोन करतो, तहसीलदार तलाठ्याला, तलाठी कोतवालाला, आणि कोतवाल नदीच्या त्या काठाला अडकलेला.

म्हणून मला नवा टॉवर नको. प्रत्येक जिल्हा केंद्राला सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक तास पूर्णपणे स्वतःचा असावा, त्यात वरून कुणी हात घालू नये. आणि रात्रपाळीच्या टेबलावर काचेखाली एक कागद असावा, वरिष्ठांच्या सहीचा. त्यावर चार ओळी: जिल्हाधिकारी, पूरनियंत्रण कक्ष किंवा वनविभाग यांच्याकडून जीविताच्या धोक्याची खबर आल्यास ड्यूटीवरच्या माणसानं, तो कॅज्युअल असला तरी, कुणाला न विचारता चालू रिले तोडावा, सभा संपली असल्यास प्रक्षेपक पुन्हा चालू करावा, नदीकाठच्या गावांची नावं घेऊन, तिथल्या बोलीत, दर दहा मिनिटांनी सांगावं, आणि यासाठी त्याच्यावर कारवाई होणार नाही. खाली धरणाच्या नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक, मोठ्या अक्षरांत.